नारळी पौर्णिमेची तारीख कोणी मोडली?

श्रावणातली पौर्णिमा मालवणात आजही रिकामी जात नाही. सकाळी घरोघरी राख्या, दुपारी पानात नारळीभात आणि उन्हे कलली की सगळे शहर बंदर जेटीच्या वाटेला लागते. भरड नाक्याकडून बाजारपेठेत शिरले की चालायला जागा उरत नाही. मिरवणुकीने मानाचा नारळ येतो, समुद्राला गाऱ्हाणे घातले जाते, 'व्हय महाराजा'चा पुकारा होतो, नारळ पाण्यात पडतो. समोर सिंधुदुर्गाचा तट, वर पावसाळी आभाळ. मग नारळ लढवणे, भज्यांच्या गाड्या, पिपाण्या, उंच धरलेले मोबाइल. सण जिवंत आहे, माणसे हौसेने येतात, याचा आनंद कोणाला होणार नाही?

पण ज्या कारणासाठी हा सण होता, ते कारण त्यातून निघून गेले आहे आणि ते गेल्याची हळहळ गाऱ्हाण्यातही ऐकू येत नाही. नारळी पौर्णिमा ही आधी एक तारीख होती. या दिवसाआधी कोणी समुद्रात जाळे टाकायचे नाही आणि या दिवसानंतर सगळ्यांनी उतरायचे. ती तारीख मोडली, नारळ तेवढा उरला. मोडणाऱ्यांत सरकार आहे, मोठे बोटमालक आहेत आणि खाणारे-फिरणारे आपण नागरिकही आहोत. म्हणून ही कैफियत फक्त मच्छीमारांची नाही. देवगड, वेंगुर्ले, हर्णे, अलिबाग, जिथे जिथे श्रावणात नारळ वाहिला जातो, तिथल्या सगळ्यांची आहे.

१. पोलिसाशिवाय पाळली जाणारी बंदी आपण गमावली.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो म्हणून मासेमारी बंद, हे अर्धे कारण झाले. नद्यांचे पाणी समुद्रात गाळ आणि खाद्य घेऊन येते, खालच्या थरातले थंड पोषक पाणी वर येते, किनाऱ्याजवळ सूक्ष्म जीवांची रेलचेल होते आणि अनेक जातींचे मासे याच सुमारास अंडी घालतात. गाबीत, कोळी, भंडारी, ख्रिस्ती मच्छीमार यांच्या पूर्वजांनी याचा शोधनिबंध लिहिला नाही. त्यांनी त्याचा सण केला. त्या सणाला गस्तीनौका लागत नव्हती, कारण नारळ वाहण्याआधी होडी लोटणाऱ्याला वाड्यावरच्या माणसांना तोंड दाखवावे लागे. विशेष म्हणजे सरकारनेही ही तारीख मानली होती. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा. त्याखाली राज्यात वर्षानुवर्षे चाललेली बंदी 'नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत' अशी होती. सरकारी आदेशात पंचांग होते आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हते. मग पश्चिम किनाऱ्यावर समान बंदी आली: १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. पौर्णिमा मात्र चंद्राच्या हिशेबाने येते. २०२० साली ती ३ ऑगस्टला होती, २०२४ साली १९ ऑगस्टला आणि २०२३ साली, अधिक श्रावणामुळे, ३० ऑगस्टला. म्हणजे २०२३ मध्ये कायद्याने समुद्र १ ऑगस्टला उघडला आणि आपण त्याची परवानगी मागायला महिनाभराने गेलो. जाळी भरून झाल्यावर वाहिलेल्या नारळाला पूजा म्हणायचे की पोच?

२. ३१ जुलै ही तारीख सगळ्यांना सारखी नाही.

कागदावर ती सारखी दिसते, हीच तर खरी लबाडी आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहा. लाट अजून फुटत असते, वाऱ्याचा भरवसा नसतो, हवामान खात्याचे इशारे सुरूच असतात. या पाण्यात कोण जाऊ शकतो? ज्याची बोट मोठी, इंजिन दणकट, डिझेलला पैसे हाताशी आणि एखादी फेरी फुकट गेली तरी ज्याचे घर चालते, तो. छोट्या फायबरच्या होडीवाला, वल्ह्याची पात असलेला, किनाऱ्यावरून रापण ओढणारा माणूस त्या दिवसांत पाण्याकडे बघत बसतो. रापणीला तर शांत किनारा लागतो. होडीतून जाळ्याचा वेढा घालून दोन्ही टोकांनी पाचपन्नास माणसांनी ती ओढायची असते आणि येईल त्या मासळीचे वाटे करायचे असतात. खवळलेल्या समुद्रात रापण लागत नाही. तेव्हा निसर्गाने सुरक्षित केलेल्या पाण्यात, माशांची पिल्ले अजून कोवळी असताना, सगळ्यांत आधी सगळ्यांत मोठे जाळे जाते आणि छोट्याची पाळी येते तेव्हा त्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. नारळी पौर्णिमेची मोठी गोष्ट हीच होती की ती सगळ्यांना एकाच दिवशी पाण्यात उतरवत होती. गावातला सगळ्यांत धनवान आणि सगळ्यांत गरीब दर्यावर्दी एकाच पुळणीवर, एकाच संध्याकाळी.

याला जोडून पर्ससीनचा, म्हणजे माशांच्या थव्याला वेढून तळाशी आवळायच्या मोठ्या जाळ्यांचा प्रश्न आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीन मासेमारीवर मर्यादा आणल्या, तिचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा आखून दिला. समुद्रात झगझगीत दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. राज्याने २०२१ मध्ये कायदा सुधारून दंड लाखांच्या घरात नेला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची पाळत सुरू झाली. एवढे सगळे असूनही मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांना परराज्यांतल्या हायस्पीड ट्रॉलरविरुद्ध आणि रात्रीच्या दिव्यांविरुद्ध पुन्हा पुन्हा आंदोलन का करावे लागते? कायदे कमी आहेत असे आता कोणी म्हणू शकत नाही. कमी आहे ती ज्याच्या हाती इंजिन त्याच्याच हाती समुद्र जाऊ न देण्याची इच्छा.

३. हा समुद्र आपल्या ताटानेही रिकामा केला.

हा मुद्दा गिळायला जड आहे, कारण दोषी समोर बोटीवर नाही, जेवणाच्या टेबलाशी बसला आहे. पूर्वी आषाढ-श्रावणात किनाऱ्यावरच्या घरांत ताजी मासळी नसे. सुकी सुंगटे, सुके बांगडे, खारवलेली मोरी, कुळथाची पिठी आणि पावसाळी रानभाज्या यांवर महिने निघत. श्रावण पाळणारे तर मासळीला शिवतही नसत. आज जुलैच्या मध्यावर मालवणात, गणपतीपुळ्यात, अलिबागेत पाटीवर मोठ्या अक्षरांत 'सुरमई थाळी' असते आणि पाहुणा गाडीतून उतरतो तो तीच मागत. त्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर बंदी असते. मग हा मासा येतो कुठून? पूर्व किनाऱ्यावर बंदी १५ एप्रिल ते १४ जूनपर्यंत असते, म्हणजे जूनच्या मध्यानंतर तिकडच्या बोटी समुद्रात असतात. तिकडचा मासा बर्फात बसून घाट उतरतो, नाहीतर शीतगृहात ठेवलेला जुना माल बाहेर निघतो. थाळीत मसाला तेवढा मालवणी. यात बेकायदा काहीच नाही. पण 'समुद्र बंद आहे, आज मासा नाही' हे वाक्य ऐकण्याची सवय आपण पाहुण्याला लावली नाही, स्वतःची मात्र मोडून घेतली. मागणी बारमाही झाली की बंदीचा शेवटचा आठवडा बाजाराला जाचू लागतो आणि १ ऑगस्टला बंदर सोडण्याची घाई त्याच जाचातून जन्मते. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली की खोल्या भरतात, खोल्या भरल्या की थाळ्या लागतात, थाळ्या लागल्या की बोटी जातात. ही साखळी कोणी मंत्रालयात बसून तयार केलेली नाही.

आणि त्या पहिल्या फेऱ्यांत येते काय? हंगामाच्या सुरुवातीला बाजारात बोटाएवढे बांगडे, तळहातात मावतील असे सरंगे दिसतात. राज्याने २०२३ मध्ये पापलेटला, म्हणजे आपल्या सरंग्याला, राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, म्हणजे एकदा तरी अंडी घातल्याशिवाय मासा जाळ्यात येऊ नये. मासळी बाजारात ही लांबी मोजताना कोणी कोणाला पाहिले आहे का? खरेदी करणाऱ्याने 'हा लहान आहे, नको' म्हटल्याचे कोणी ऐकले आहे का? उलट 'कोवळा आहे, काटा लागत नाही' म्हणून आपण दोन जास्तच घेतो. पेरणीसाठी ठेवलेले भात दळून भाकऱ्या करणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय म्हणू? राज्यमाशाची पिल्ले तळून खाणाऱ्या शहराने मत्स्यदुष्काळावर अग्रलेख लिहू नयेत.

४. सण बंदरावर आहे, पण बंदराचा राहिलेला नाही.

आधी एक सांगून टाकतो. नारळ लढवणे हा खेळ मला मनापासून आवडतो. नारळ निवडताना तो कानाशी धरून टिचकी मारणारे म्हातारे, करवंटी पातळ की जाड यावर चाललेले वाद, समोरच्याचा नारळ फुटल्यावर तो खांद्यावरच्या पिशवीत टाकणारा जिंकणारा, हे सगळे अस्सल आहे. अलीकडे महिलांच्या स्पर्धा होतात, त्यांना गर्दीही होते, आणि ते उत्तमच आहे. माझे भांडण खेळाशी नाही. भांडण आहे त्या खेळाभोवती उभ्या राहिलेल्या मांडवाशी. कमानीवर कोणाचा फोटो किती मोठा, बक्षीस कोणत्या पक्षाचे, एका बंदरावर दोन गटांचे दोन मंच आणि दोन्हींचे ध्वनिवर्धक समोरासमोर. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून आहेत आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तरी दरवर्षी कोणीतरी घड्याळाकडे पाठ करून उभा राहतो, आणि जवळच्या घरांतली आजारी माणसे, तान्ही मुले, दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्रावर जाणारे खलाशी रात्र जागून काढतात.

त्याहून टोचणारी गोष्ट दुसरी. मंचावर बसलेल्यांत मासळी विकणारी बाई किती वेळा दिसते? रापणकरांचा प्रतिनिधी भाषण करतो का? मिरवणुकीच्या पुढे ढोलताशे, मधे पुढारी, मागे व्यापारी. आणि ज्यांच्या पोटासाठी हे गाऱ्हाणे घातले जाते ते दोरीच्या पलीकडे गर्दीत. भाषणांत समुद्र 'वैभव' असतो, 'पर्यटनाची संधी' असतो. बंदीच्या तारखेवर, गस्तीवर, डिझेल परताव्यावर, आलेल्या-गेलेल्या वादळांच्या भरपाईवर कोणी बोलत नाही. क्यार २०१९ मध्ये आणि तौक्ते २०२१ मध्ये येऊन गेले, होड्या फोडून गेले. ज्या दिवशी सगळे शहर समुद्राकडे तोंड करून उभे असते, त्याच दिवशी समुद्राच्या प्रश्नावर एक वाक्य निघत नसेल, तर तो कार्यक्रम किनाऱ्यावर घेण्याचे कारण फक्त पार्श्वभूमी चांगली येते एवढेच राहते.

५. पर्यटकाच्या जिवाची काळजी ३१ ऑगस्टपर्यंत, माशाच्या पिल्लाची ३१ जुलैपर्यंत.

हा विरोधाभास कोणाला दिसत नाही? जलपर्यटन दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी प्रवासी होडी त्या काळात सुटत नाही, स्कुबा आणि बनाना राइड बंद राहतात. कारण समुद्र धोक्याचा असतो, आणि हे योग्यच आहे. २४ मे २०२२ रोजी, म्हणजे बंदी सुरू होण्याच्या तोंडावर, तारकर्लीला स्कुबासाठी गेलेल्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. तेव्हा समुद्र ऑगस्टअखेरपर्यंत भरवशाचा नसतो हे शासनाला मान्य आहे. मग त्याच समुद्रात १ ऑगस्टला खलाश्यांना पाठवताना ही काळजी कुठे जाते? का खलाश्याच्या जिवाचे मोल तिकीट काढून बसणाऱ्यापेक्षा कमी धरले आहे?

पाहुण्यांनाही चार शब्द सांगायला हवेत. नारळी पौर्णिमेला जोडून आलेल्या सुट्टीत मालवणात येणाऱ्याला किल्ला बंद, स्कुबा बंद, म्हणजे उरतो तो किनारा. मग गाडी थेट पुळणीवर, खडकावर चढून लाटेच्या पार्श्वभूमीवर सेल्फी आणि 'पाणी तर गुडघाभरच आहे' हा आत्मविश्वास. कोणी ओढला गेला की धावत कोण जाते? जीवरक्षक असलाच तर एखाददुसरा, बाकी तोच होडीवाला, ज्याच्या हाती अजून हंगामाचा पहिला रुपया आलेला नसतो. फलक लावून आणि शिट्टी फुंकून हे थांबणार नाही. श्रावणातल्या या आठवड्यात किनाऱ्यावर पगारी जीवरक्षक आणि पुळणीच्या तोंडाशी गाड्या अडवणारा अडसर ही नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांची जबाबदारी आहे. मच्छीमाराच्या चांगुलपणावर चालवलेले पर्यटन हे उधारीवर चालवलेले दुकान आहे, आणि उधारी त्याला कोणी विचारून घेतलेली नाही.

६. नारळाबरोबर आणखी काय वाहिले जाते, तेही मोजावे.

यावर फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना नाकाने कळते. राज्यात २०१८ पासून आणि देशात जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंना बंदी आहे. थर्माकोलच्या ताटल्यांनाही आहे. दुसऱ्या दिवशी भरतीच्या रेषेवर काय काय येऊन पडते ते दांडीच्या किंवा चिवला किनाऱ्यावर सकाळी चालायला जाणाऱ्यांना विचारा. मालवणचे सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झाले, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. स्थानिकांनी त्याला विरोध केला, आणि त्या विरोधाला पोटापाण्याची कारणे होती. पण किल्ल्याच्या आसपासच्या ज्या पाण्यात प्रवाळ आहे, त्यात प्लास्टिक टाकायला कोणाच्या पोटापाण्याचे कारण आहे? आणि एका दिवसाच्या कचऱ्यावर बोलताना बारमाही गटारे विसरू नयेत. सणाच्या दिवशी समुद्राला देव म्हणायचे आणि उरलेले ३६४ दिवस त्याच्यात शहराचे सांडपाणी सोडायचे, हा व्यवहार त्या देवाला कळत नसेल असे मानणाऱ्यांनी निदान बंदरावर नमस्कार तरी करू नये.

७. 'बंदी वाढवा म्हणणे सोपे आहे' असे उत्तर येईल, आणि ते उत्तर पोकळ नाही.

मोठ्या बोटींवरचे खलाशी कोणी कारखानदार नव्हेत. अनेक जण बाहेरगावाहून, बाहेरच्या राज्यांतून येतात, त्यांची घरे हंगामाच्या पैशावर चालतात. बोटमालकांवर कर्जे आहेत. आणि एकट्या महाराष्ट्राने बंदी वाढवली तर काय होईल? गोवा आणि कर्नाटकातली बंदीही ३१ जुलैला उठते. आपल्या बोटी नांगरलेल्या आणि बाहेरचे ट्रॉलर आपल्या पाण्यात, असे झाले तर दुखणे दुप्पट. मासा मैलाचा दगड बघून वळत नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, पुढे केंद्राचा. तेव्हा निर्णय एकत्रच व्हावा लागेल, हे मान्य. आणखी एक अडचण अशी की पौर्णिमा कधी ३ ऑगस्टला तर कधी ३० ऑगस्टला. तारीख इतकी हलती असेल तर व्यवसायाचा हिशेब कसा मांडायचा?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जुन्या नियमातच होते: पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, जे आधी येईल ते. यात पंचांगाचा मान राहतो आणि महिनाभराची टांगती तलवारही राहत नाही. पोटाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र पैशातच द्यावे लागेल. आज प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदीकाळासाठी पारंपरिक मच्छीमार कुटुंबाला जी मदत मिळते ती पाहा: मच्छीमाराने स्वतः भरायचे १,५०० रुपये, सरकारचे ३,०००, एकूण ४,५०० रुपये तीन महिन्यांत, म्हणजे महिन्याला १,५००. यात एका घराचा तेल-तांदूळही सुटत नाही. २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, त्याचे स्वागत झाले. मग दुष्काळात शेतकऱ्याला जे मागता येते ते बंदीत मच्छीमाराने का मागू नये? पंधरा दिवस अधिक घरी बसायला सांगणाऱ्या समाजाने त्या पंधरा दिवसांची मजुरी मोजली पाहिजे. फुकटात मागितलेला संयम ही दुसऱ्याच्या घरातली बचत असते.

८. तर मग मागायचे काय, आणि कोणाकडे?

राज्य सरकारकडे: पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांशी आणि केंद्राशी बोलून जुनी तारीख परत आणा, बंदीकाळातली मदत जगता येईल इतकी करा, आणि बंदी उठल्यापासूनचे पहिले पंधरा दिवस गस्त सर्वांत कडक ठेवा, कारण पिल्लांचे खरे नुकसान तेव्हाच होते. किमान लांबीचा नियम मासळी बाजारात लिलावाच्या जागी मोजपट्टीसह लावा आणि कोणी मोजायचे ते ठरवा. नगरपालिकेकडे: पौर्णिमेच्या कार्यक्रमाला परवानगी देताना ध्वनिवर्धक, कचरा आणि जीवरक्षक या तिन्हींची लेखी हमी घ्या, आणि हमी मोडणाऱ्या मंडळाला पुढच्या वर्षी बंदरावर मांडव घालू देऊ नका, मग त्याचा आश्रयदाता कोणीही असो. खानावळवाल्यांकडे: बंदीच्या दिवसांत फलकावर मासा कुठून आला ते लिहा. 'पूर्व किनाऱ्याची सुरमई' असे लिहिल्याने गिऱ्हाईक पळणार नाही. आणि ज्या घरगुती खानावळी जुलैत कुळथाची पिठी, सुक्या सुंगटांची किसमूर वाढायला तयार असतील, त्यांच्याकडे आपणच आधी जाऊन बसू या.

एक काम मात्र कोणाच्या आदेशाची वाट न पाहता होऊ शकते. मालवण, देवगड आणि वेंगुर्ले इथले बोटमालक, रापणकर, मासळी विक्रेत्या महिला आणि हॉटेलवाले यांनी एकत्र बसून, पौर्णिमा किंवा १५ ऑगस्टपर्यंत आपल्या बंदरातून एकही यांत्रिक बोट सुटणार नाही, असा ठराव आपल्यापुरता करावा. कायदा त्याच्या आड येत नाही, कारण १ ऑगस्टला बाहेर पडण्याची परवानगी आहे, सक्ती नाही. बाहेरचे ट्रॉलर आले तर तो ठराव हातात धरून प्रशासनाला जाब विचारता येईल. आज ती ताकद कोणातच नाही, कारण आपल्याही बोटी त्यांच्या मागोमाग पाण्यात असतात. ही बैठक मे महिन्यात, बंदी सुरू होण्याआधी व्हावी, पौर्णिमेच्या पाहुण्यांची नावे पत्रिकेवर छापण्याच्या कितीतरी आधी. जागा बंदर जेटीचीच असावी आणि वेळ मासळीचा लिलाव उरकल्यानंतरची, म्हणजे टोपल्या घेऊन बाजारात बसणाऱ्या बायकांनाही येता येईल.